गोंदियाचा व्यापारी आणि विमानाचे पॉइंट

विमान कंपनीची लॉयल्टी योजना म्हणजे कंपनीने स्वतः छापलेले चलन. प्रवाशाने तिकीट काढले की त्याच्या खात्यात पॉइंट जमा होतात; ते साठले की त्यातून पुढचे तिकीट, पसंतीची सीट किंवा जादा सामानाची सवलत मिळते. या चलनाची किंमत कंपनीच ठरवते आणि हवी तेव्हा बदलते. आज पाच हजार पॉइंटांत मिळणारे तिकीट पुढच्या वर्षी सात हजारांना झाले, तर प्रवाशाला दाद मागायला फारशी जागा नसते. योजना निवडताना हे आधी ध्यानात घेतले म्हणजे बाकीचा हिशेब सोपा जातो.

अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी 'अ‍ॅडव्हान्टेज' ही योजना सुरू केली, तेव्हापासून आजच्या पद्धतीच्या योजनांचा इतिहास मोजला जातो. अमेरिकेत तोवर विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण बरेचसे उठले होते, कंपन्यांत भाड्यांची चढाओढ लागली होती आणि वारंवार फिरणारा धंदेवाईक प्रवासी आपल्याकडे टिकवायचा कसा, हा प्रश्न होता. या प्रवाशाचे तिकीट बहुधा त्याची कंपनी काढते आणि पॉइंट मात्र त्याच्या नावावर जमा होतात. खर्च एकाचा आणि बक्षीस दुसऱ्याचे, या फटीवरच हा सगळा डोलारा उभा राहिला. भारतात खाजगी विमान कंपन्या आल्यावर, १९९०च्या दशकात जेट एअरवेज आणि एअर इंडिया यांनी अशा योजना आणल्या. पुढे जेटची 'जेटप्रिव्हिलेज' इतकी मोठी झाली की तिची वेगळी कंपनीच निघाली.

गोंदिया जिल्ह्यातून हा विषय पाहिला की त्याला वेगळेच वळण लागते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा आणि राइस मिलांचा. तेंदूपत्ता आणि बिडीचा व्यापारही जुना, शिवाय तिरोड्याला अदानींचा वीज प्रकल्प आहे. इथून वारंवार विमानाने जाणारे लोक म्हणजे तांदळाचे व्यापारी, मिलवाले, यंत्रसामग्रीचे विक्रेते, प्रकल्पांवरचे अभियंते, वकील, अधिकारी. त्यांचा प्रवास एक-दोन दिवसांचा आणि ठरावीक शहरांचा असतो: मुंबई, पुणे, हैदराबाद, दिल्ली. तारीख बहुतेक वेळा दोन दिवस आधी ठरते आणि आदल्या रात्री बदलते.

जिल्ह्याला स्वतःचे विमानतळ आहे. शहराजवळच्या बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली ब्रिटिशांनी बांधली. गोंदियाचेच प्रफुल्ल पटेल २००४ ते २०११ या काळात केंद्रात नागरी विमान वाहतूक खाते सांभाळत होते, त्या वर्षांत बिरसीचा कायापालट झाला आणि वैमानिक घडवणारी राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था तिथे आली. म्हणजे गोंदियाच्या आकाशात वर्षानुवर्षे विमाने होती, पण त्यांत शिकाऊ वैमानिक बसायचे. प्रवासी विमान येण्यासाठी केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेची वाट पाहावी लागली. मार्च २०२२ मध्ये फ्लायबिगने इंदूर–गोंदिया–हैदराबाद सेवा सुरू केली. ती टिकली नाही. १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोचे एटीआर विमान हैदराबादहून बिरसीला येऊ लागले, पुढे तिरुपतीला जोडणारे. 'उडान'मधल्या मार्गांना सरकारी आर्थिक आधार साधारण तीन वर्षांसाठी असतो. पुढे मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही तर कंपनी विमान दुसरीकडे वळवते. बिरसीवरच्या एखाद्या उड्डाणाकडे पाहून कोणत्याही योजनेशी लग्न लावणे म्हणूनच घाईचे ठरते.

खरे विमानतळ नागपूरचे. सोनेगावचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ गोंदियापासून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवरच्या शहरात, पण शहराच्या पलीकडच्या टोकाला आहे. भंडारा रोडने येणाऱ्याला नागपूर ओलांडूनच वर्धा रोड गाठावा लागतो. गाडीने घर ते विमानतळ हे तीन-साडेतीन तासांचे काम. रेल्वेने आल्यास स्टेशनपासून सीताबर्डीला मेट्रो बदलून विमानतळाच्या थांब्यापर्यंत जाता येते. देशांतर्गत उड्डाणासाठी चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. सकाळी सहाच्या विमानासाठी गोंदियाचा माणूस रात्री दीडच्या सुमाराला घर सोडतो, नाहीतर आदल्या संध्याकाळी नागपुरात मुक्काम ठोकतो. पूर्वेकडचे रायपूरही काहींना सोयीचे पडते, विशेषतः सालेकसा-आमगावकडच्यांना.

या भूगोलाचा परिणाम थेट योजनेच्या निवडीवर होतो. मुंबईतल्या प्रवाशाला एकाच मार्गावर दिवसभरात भरपूर उड्डाणे आणि चार कंपन्या मिळतात, त्यामुळे तो 'अमुक कंपनीनेच जाईन' असे म्हणू शकतो. गोंदियावाल्याला आधी हे पाहावे लागते की ज्या शहरात काम आहे तिथे नागपूरहून थेट विमान कोणाचे आहे आणि त्याची वेळ कामाची आहे का. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशी जोडी ज्या कंपनीकडे आहे, तिच्या वेळापत्रकातच त्याची निवड निम्मी होऊन जाते. पॉइंटांचा विचार त्यानंतरचा. कागदावर उत्तम असलेली योजना आणि दुपारी एकला मुंबईत उतरवणारे विमान या जोडीने दिवस वाया जातो आणि मुंबईतल्या हॉटेलचे एका रात्रीचे बिल वर बसते.

देशात सध्या दोन योजनांचा विचार प्रामुख्याने करावा लागतो. पहिली एअर इंडियाची. तिचे जुने नाव 'फ्लाइंग रिटर्न्स'. टाटांनी २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी ताब्यात घेतल्यावर एप्रिल २०२४ मध्ये योजनेची नव्याने मांडणी झाली, १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाल्यावर 'क्लब विस्तारा'चे सदस्य तिच्यात आले आणि २०२५ मध्ये तिला 'महाराजा क्लब' हे नाव मिळाले. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या आंतरराष्ट्रीय गटात आहे, त्यामुळे हे पॉइंट सिंगापूर एअरलाइन्स, लुफ्तान्सा, युनायटेड यांसारख्या कंपन्यांच्या विमानांतही चालू शकतात. दुसरी योजना इंडिगोची 'ब्लूचिप'. देशातल्या निम्म्याहून अधिक प्रवाशांची ने-आण करणाऱ्या या कंपनीला अठरा वर्षे अशा योजनेची गरजच वाटली नाही. मधल्या काळात बँकांच्या क्रेडिट कार्डांमार्फत बक्षिसे मिळत, पण वारंवार उडणाऱ्यांसाठी पूर्ण योजना ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाली. स्वस्त आणि वक्तशीर विमानाला गिऱ्हाईक आपोआप येते, ही इंडिगोची जुनी भूमिका होती. तिने ती बदलली यावरून मोठ्या पगाराचा नोकरदार आणि व्यापारी प्रवासी किती महत्त्वाचा झाला आहे ते कळते.

छोट्या पल्ल्याच्या प्रवाशासाठी सर्वांत महत्त्वाचा बदल मात्र नावांचा नसून मोजमापाचा आहे. जुन्या योजना अंतर मोजत. नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर, म्हणजे ४२५ मैलांच्या आसपास. मुंबई ते न्यूअर्क सुमारे ७,८०० मैल. मुलाकडे अमेरिकेला वर्षातून एकदा जाणारे आजोबा एका दिशेच्या प्रवासात जेवढे मैल कमवत, तेवढ्यासाठी गोंदियाच्या व्यापाऱ्याला नागपूर–मुंबई अंतर अठरा वेळा उडावे लागे. त्यातही या व्यापाऱ्याचे तिकीट आदल्या दिवशी काढलेले, महिनाभर आधी काढलेल्याच्या दुप्पट किमतीचे. पैसे दुप्पट, मैल तेवढेच. छोट्या पल्ल्यावर घाईचे महाग तिकीट काढणारा माणूस जुन्या पद्धतीत सरळ तोट्यात होता.

आता 'महाराजा क्लब' आणि 'ब्लूचिप' या दोन्ही योजना मुख्यतः खर्च केलेल्या रुपयांवर पॉइंट देतात. चार हजारांच्या तिकिटाला जेवढे मिळतात, त्याच मार्गावरच्या आठ हजारांच्या तिकिटाला त्याच्या दुप्पट. गोंदियाहून नेहमी उडणाऱ्यांसाठी हा बदल फायद्याचा आहे, कारण त्यांचा प्रवास अंतराने छोटा आणि रुपयांत मोठा असतो. परदेशी कंपनीच्या योजनेत एअर इंडियाच्या प्रवासाचे मैल जमा करण्याची वाट स्टार अलायन्समुळे खुली आहे, पण तिथे बहुधा अंतर आणि तिकिटाचा वर्ग हेच माप लागते आणि स्वस्त वर्गातल्या तिकिटांवर फार कमी किंवा काहीच मिळत नाही. नागपूर–पुणे करणाऱ्याने त्या वाटेला जाण्यात फारसा अर्थ नाही.

रुपयांवर पॉइंट म्हटले की पूर्ण तिकिटावर, असा समज होतो. तिकिटाची पावती उघडून पाहिली की तो दूर होतो. तिच्यात वरती मूळ भाडे असते, खाली कंपनीने लावलेला अधिभार, मग विमानतळ वापराचे शुल्क, सुरक्षा शुल्क आणि शेवटी जीएसटी. पॉइंट मिळतात ते साधारणपणे मूळ भाड्यावर आणि कंपनीच्या स्वतःच्या अधिभारावर. विमानतळाकडे आणि सरकारकडे जाणाऱ्या रकमेवर नाही. छोट्या पल्ल्याच्या तिकिटात मूळ भाडे कमी आणि ही ठरावीक शुल्के तेवढीच असल्याने, एकूण रकमेतला पॉइंट न मिळणारा भाग टक्क्यांनी मोठा निघतो. पॉइंटांतून काढलेल्या 'मोफत' तिकिटावरही हे कर आणि शुल्क बहुधा रोखीनेच भरावे लागतात. मोफत तिकीट काढताना पुढ्यात येणारा सात-आठशे रुपयांचा आकडा पाहून अनेकांचा विरस होतो, त्याचे कारण हे.

पॉइंटाची खरी किंमत काढण्याची रीत सोपी आहे आणि ती प्रत्येकाने आपल्या मार्गावर करून पाहावी. समजा, एखादी योजना १०० रुपयांमागे ६ पॉइंट देते. नागपूर–मुंबईचे एक तिकीट रोखीने ५,००० रुपयांना आहे. तेच पॉइंटांतून घ्यायचे तर ९,००० पॉइंट आणि ९०० रुपये कर लागतो. म्हणजे ९,००० पॉइंटांनी ४,१०० रुपये वाचवले. एका पॉइंटाची किंमत सुमारे ४५ पैसे. शंभर रुपयांमागे मिळालेले ६ पॉइंट म्हणजे पावणेतीन रुपयांच्या आत, साधारण पावणेतीन टक्के सूट. हा नमुना आहे. प्रत्यक्ष आकडे दोन्ही योजनांत सदस्याच्या पायरीप्रमाणे आणि तारखेप्रमाणे वेगळे असतात, पण उत्तर या परिसरातच कुठेतरी येते. आता वर्षाला वीस फेऱ्या, म्हणजे चाळीस उड्डाणे, प्रत्येकी पॉइंट मिळणारे भाडे ५,५०० रुपये धरले तर वर्षाचा खर्च सव्वादोन लाखांच्या जवळ आणि परतावा सुमारे सहा हजार रुपये. वर्षभराच्या निष्ठेचे मोल म्हणजे एखाद-दुसरे तिकीट.

हा आकडा छोटा म्हणून सोडून देण्यासारखा नाही, पण त्यापायी दुसरे काही गमावू नये एवढे तो स्पष्ट सांगतो. ५,५०० च्या तिकिटावरचा परतावा दीडशे रुपये. दुसऱ्या कंपनीचे तिकीट तीनशेने स्वस्त असेल, किंवा ते तासभर उशिरा सुटत असल्याने गोंदियाहून पहाटेची गाडी पकडून पोचता येत असेल आणि नागपूरचा मुक्काम वाचत असेल, तर पॉइंटांचे पारडे लगेच वर जाते. पॉइंटांच्या ओढीने महाग तिकीट काढणारे प्रवासी कमी नाहीत, आणि कंपन्यांच्या अ‍ॅपवरची झगमगती 'दुप्पट पॉइंट' जाहिरात त्यांच्यासाठीच असते.

पॉइंटांपेक्षा जास्त फायदा खरे तर वरच्या पायरीत असतो. महाराजा क्लबमध्ये रेड, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशा चार पायऱ्या आहेत. ब्लूचिपमध्ये ब्लू ३, ब्लू २ आणि सर्वांत वरची ब्लू १. वर्षभरात ठरलेला खर्च किंवा उड्डाणे पुरी केली की पायरी चढते आणि पुढच्या वर्षी तेवढाच प्रवास न झाल्यास उतरते. या पायऱ्यांवर मिळणाऱ्या सोयींपैकी कोणत्या कामाच्या, हे ज्याचे त्याने ठरवायचे. परदेशी जाणारा विमानतळावरच्या लाउंजवर खूश असतो, पण सव्वा तासाच्या उड्डाणासाठी धावत पोचलेल्या गोंदियावाल्याला लाउंजमध्ये बसायला वेळच नसतो. जादा सामानही त्याला नको, कारण त्याच्याकडे एक बॅग आणि फार तर तांदळाच्या नमुन्यांच्या पिशव्या. त्याला हव्या असतात वेगळ्या गोष्टी: तारीख बदलताना कमी शुल्क, शेवटच्या क्षणी सीट मिळण्यात प्राधान्य, पुढच्या रांगेतली सीट म्हणजे उतरल्यावर आधी बाहेर, आणि उड्डाण रद्द झाल्यास फोनवर पटकन उत्तर. यांतली एखादी तरी सोय आपल्या आवाक्यातल्या पायरीवर मिळत असेल तरच तिच्यामागे लागण्यात अर्थ आहे. वर्षाची मुदत संपत आली, पायरीसाठी दोन उड्डाणे कमी पडली म्हणून विनाकारण हैदराबादची फेरी मारणारे लोकही सापडतात. पायरीवरच्या सोयी त्या फेरीच्या खर्चापेक्षा मोलाच्या आहेत का, हा हिशेब ते सहसा करत नाहीत.

तारीख बदलण्याची सोय वेगळ्या वाटेनेही मिळते. मोठ्या कंपन्या छोट्या उद्योगांसाठी जीएसटी क्रमांकावर नोंदणी करून वेगळ्या प्रकारचे भाडे देतात, त्यात तारीख बदलण्याचे शुल्क कमी किंवा माफ असते आणि जेवणही मिळू शकते. राइस मिलच्या नावाने नोंदणी असलेल्या प्रवाशाला हे भाडे पॉइंटांपेक्षा जास्त उपयोगी पडते. तिकिटावर मिलचा जीएसटी क्रमांक घातला की धंद्याच्या कामासाठी काढलेल्या तिकिटावरच्या कराची वजावट हिशेबात घेता येते. इकॉनॉमी वर्गाच्या तिकिटावर तो कर ५ टक्के असतो. पावणेतीन टक्क्यांच्या पॉइंटांसाठी धडपडणारा व्यापारी क्रमांक घालायला विसरून हे पाच टक्के सोडून देतो, हे चित्र हिशेबनीसांना चांगले परिचयाचे आहे.

पॉइंट कोणाचे, हा प्रश्न नोकरदारांपुढे येतो. योजनेच्या नियमांप्रमाणे ते उडणाऱ्या व्यक्तीच्या खात्यात जातात, तिकिटाचे पैसे कोणीही भरलेले असोत. खाजगी कंपन्या बहुधा याकडे कानाडोळा करतात. सरकारी प्रवासाचे तसे नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना कामासाठीचे तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तीनच यंत्रणांकडून आणि उपलब्ध स्वस्तात स्वस्त भाड्याने काढावे लागते, आणि सरकारी खर्चाच्या प्रवासातून मिळालेले पॉइंट सरकारी कामासाठीच वापरायचे असतात. योजना निवडण्याचे स्वातंत्र्य त्यांना जवळपास नाहीच.

गोंदियात अजूनही पुष्कळ तिकिटे ओळखीच्या ट्रॅव्हल एजंटकडून निघतात. फोन केला की तिकीट व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि हिशेब महिन्याच्या शेवटी होतो. धंद्याच्या दृष्टीने ही उधारी मोलाची. पण एजंट तिकिटावर सदस्य क्रमांक घालायला विसरतो, किंवा गटासाठीचे स्वस्त भाडे लावतो, ज्यावर बहुधा पॉइंट नसतात. कंपन्यांनाही प्रवाशाने थेट त्यांच्या अ‍ॅपवरून तिकीट काढलेले हवे असते, म्हणून थेट तिकिटाला पॉइंटही सढळ दिले जातात. एजंटचीच सोय हवी असेल तर त्याच्याकडे सदस्य क्रमांक एकदा लिहून ठेवावा आणि तिकीट आल्यावर त्यावर तो छापला आहे का हे पाहावे. खात्यावरचे नाव आणि तिकिटावरचे नाव अक्षरशः जुळले पाहिजे. वडिलांचे नाव एका ठिकाणी आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्यावरूनही पॉइंट अडकतात. राहिलेले पॉइंट नंतर मागता येतात, पण त्याला मुदत असते आणि पुरावा लागतो. बोर्डिंग पास विमानतळाच्या कचरापेटीत टाकण्याऐवजी पॉइंट जमा होईपर्यंत जपून ठेवणे बरे.

बँकांची विमान कंपन्यांशी जोडलेली क्रेडिट कार्डे या गणितात भर घालतात. डिझेल, किराणा, विमा असा रोजचा खर्च कार्डावर टाकला की उडण्याआधीच पॉइंट साठू लागतात. वार्षिक शुल्क भरून निघते का एवढेच पाहायचे, आणि दर महिन्याला पूर्ण बिल फेडायचे. थकबाकीवर लागणारे व्याज अशा सगळ्या पॉइंटांना गिळून वर दशांगुळे उरते.

आता राहिला टिकाऊपणाचा प्रश्न, आणि या देशात तो बारीक नाही. किंगफिशरची उड्डाणे २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या 'किंग क्लब'मधले साठलेले मैल कागदावर उरले. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली. तिची योजना मात्र वेगळी कंपनी असल्याने, आणि त्या कंपनीत एतिहाद या विमान कंपनीचा हिस्सा मोठा असल्याने, तगली आणि त्याच वर्षी 'इंटरमाइल्स' या नावाने पुढे चालली. मैल बुडाले नाहीत, पण ज्या विमानांसाठी ते जमवले ती विमानेच नव्हती. मे २०२३ मध्ये गो फर्स्टही थांबली. मोठ्या कंपन्यांचेही वेळापत्रक कोलमडू शकते. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांशी मेळ न बसल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि एकाच कंपनीवर भिस्त ठेवणारे प्रवासी अडकून पडले.

यावरचा उपाय म्हणजे दोन्ही योजनांचे सदस्यत्व घेऊन ठेवणे. ते फुकट असते आणि अ‍ॅपवर दहा मिनिटांत मिळते. वर्षाला दहा फेऱ्यांच्या आत प्रवास असेल तर वेळ आणि भाडे पाहून कुठलेही विमान घ्यावे, पॉइंट दोन्हीकडे पडू द्यावेत. त्याहून जास्त प्रवास असेल तर नागपूरहून ज्या कंपनीची सोयीची उड्डाणे जास्त, तिच्या योजनेत ओघ वळवावा, म्हणजे पायरीचा लाभ मिळू लागतो. सध्या बहुतेक देशांतर्गत मार्गांवर हा कौल इंडिगोकडे जातो. वर्षातून एकदा तरी मुला-मुलीकडे परदेशी जाणाऱ्या किंवा दिल्ली-मुंबईहून पुढे परदेशी जोडउड्डाण घेणाऱ्या कुटुंबाला महाराजा क्लब बरा, कारण छोट्या फेऱ्यांचे पॉइंट लांबच्या प्रवासात वापरता येतात आणि एकाच तिकिटावर नागपूरपासून पुढचा प्रवास जोडला तर मधले विमान चुकल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. गोंदिया–नागपूर रेल्वे मात्र त्या तिकिटात येत नाही. गाडी कामठीला दोन तास अडकली आणि विमान सुटले, तर ते प्रवाशाच्या खात्यातच जाते, मग तो प्लॅटिनम असो की ब्लू १.

पॉइंट साठवून ठेवण्यापेक्षा मधून मधून खर्चणे शहाणपणाचे. खात्यात बराच काळ हालचाल नसली की ते मुदतबाह्य होतात, शिवाय तिकिटांचे पॉइंटांतले दर वाढतच जातात. त्यांचा उत्तम उपयोग दिवाळीत किंवा लग्नसराईत, जेव्हा रोखीची भाडी भडकलेली असतात आणि पॉइंटांतले तिकीट अजून शिल्लक असते. अशी तिकिटे मोजकी असल्याने ती दोन-तीन महिने आधी पाहावी लागतात. आदल्या रात्री पॉइंटांतून तिकीट काढायचे म्हटले तर त्याचा दर रोखीच्या भाड्याइतकाच चढलेला दिसतो. त्या वेळी पैसे भरून जावे आणि पॉइंट घरच्यांच्या ठरलेल्या प्रवासासाठी राखावेत.